एकाच दिवशी पळणं आणि वजन: आधी काय, नंतर काय

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतर पोरांनाही आपल्याला यातलं काय लागू पडतं ते कळेल. तू खानापूर तालुक्यातला, वय एकोणीस, वजन साठ किलो, पळतोस शंभर आणि दोनशे मीटर. सकाळी गावच्या शाळेच्या मैदानावर सोमवार ते शनिवार रोज पळतोस. कॉलेजसाठी बेळगावला येतोस आणि संध्याकाळची बस धरण्याआधी एक दिवसाआड जिममध्ये पायाचं वजन मारतोस. दोनशेची वेळ दिवाळीपासून जागची हललेली नाही, आणि उजव्या मांडीच्या मागे अधूनमधून ओढ लागते. तू विचारलंस की वजन आणि स्प्रिंट एकाच दिवशी करू की वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशी करायचं तर आधी काय करू, आणि मध्ये किती तास सोडू?

एकाच दिवशी कर. आधी पळ, मग वजन उचल. मध्ये सहा तास मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर पळणं संपल्यावर वीस-तीस मिनिटं थांबून लगेच वजनाला लाग. आणि दुसऱ्या दिवशी पायांवर भार टाकू नकोस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि पोरं नेमकं तेच पाळत नाहीत, म्हणून पुढे त्यावर जास्त लिहिलं आहे.

वेगवेगळ्या दिवशी केलं की ताण विभागला जातो, असं वाटणं साहजिक आहे. पण तुझा आठवडा कागदावर मांडून बघ. सोमवारी स्प्रिंट, संध्याकाळी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका. मंगळवारी पुन्हा स्प्रिंट. बुधवारी स्प्रिंट आणि स्क्वॉट. सहाही दिवस पायांना काही ना काही जोराचं काम आहेच. मग होतं काय, की तू पूर्ण ताकदीने एकदाही पळत नाहीस. तुला वाटतं आपण शंभर टक्के पळतोय, पण पाय नव्वदच देत असतात. रोज नव्वदने पळणारा मुलगा नव्वदने पळायलाच शिकतो. वेळ दिवाळीपासून अडली आहे त्याचं कारण मला इथेच दिसतं.

आता आधी पळणंच का? जोरात पळताना पाऊल जमिनीला टेकतं ते साधारण एक दशांश सेकंद. तेवढ्या वेळात सगळा जोर जमिनीत गेला पाहिजे. त्यासाठी स्नायूत ताकद असून भागत नाही, मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम लख्ख आणि वेळेवर पोचावा लागतो. जड स्क्वॉटनंतर ताकद शिल्लक असते, पण हा हुकूम मंदावलेला असतो. पोरं म्हणतात, "सर, पाय जड झाल्यात." ते जडपण हेच.

दुसरी बाजूही बघू. पळून झाल्यावर स्क्वॉट केलास तर काय बिघडेल? फार तर बारवर पाच किलो कमी घालावे लागतील. त्याने कुणाचं काही मोडत नाही. पण स्क्वॉट आणि डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचा बार उचलणं) करून थकलेली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, घेऊन साठ मीटर फुल स्पीडने गेलास, तर पाय पुढे फेकताना, पाऊल जमिनीला लागायच्या जरा आधी, मांडीच्या मागचा स्नायू लांब ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. थकलेला स्नायू तिथे फाटतो. एकीकडे नुकसान पाच किलोचं, दुसरीकडे दीड-दोन महिन्यांचं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे येळ्ळूरचा एक मुलगा होता. शंभरला चांगला, स्टार्ट तर फारच चांगला. सोमवारी संध्याकाळी मी त्याच्याकडून जड स्क्वॉट आणि त्यावर डेडलिफ्ट करून घेतले. मंगळवारी सकाळी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फ्लाइंग तीसचे, म्हणजे आधी वेग धरून मग तीस मीटर पूर्ण वेगात पळायचे, राऊंड लावले. वेळापत्रक माझंच होतं. वॉर्मअपला तो दोनदा वाकून मांडी चोळत होता, ते मी बघितलं आणि म्हटलं थंडी आहे, होतं असं. तिसऱ्या राऊंडला, पूर्ण वेगात असताना, त्याचा हात झटक्यात मांडीमागे गेला आणि तो एका पायावर उड्या मारत थांबला. मी घड्याळ हातात धरून उभा. आठवडे गेले त्याचे, आणि त्या वर्षीच्या स्पर्धाही. तेव्हापासून कुणीही वॉर्मअपला मांडी चोळताना दिसला की मी त्या दिवशी स्प्रिंट काढूनच टाकतो. विचारतसुद्धा नाही, कारण पोरगं "काही नाही सर" असंच म्हणतं.

तुझ्या जिममधल्या दादाने तुला सांगितलं की पळण्याने ताकद खाल्ली जाते. या बोलण्याला एक आधार आहे, पण तो तुझ्या पळण्याला लागू नाही. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की जड व्यायामाबरोबर दमाचा व्यायाम, म्हणजे लांब पळणं आणि सायकल, रोज जोरात केला तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ थांबते. तिथून ही समजूत जिमजिममध्ये पोचली. पण तीस मीटरचा स्प्रिंट हा दमाचा व्यायाम नाही. स्प्रिंट आणि जड वजन दोन्ही थोडक्या सेकंदांत सगळं ओतायची कामं आहेत, शरीराकडे दोघांची मागणी जवळपास एकच आहे. म्हणून ती एकाच दिवशी शेजारी शेजारी बसतात.

ताकद खाणारी गोष्ट तुझ्या आठवड्यात वेगळीच आहे. तूच लिहिलंस की मंगळवारी आणि शुक्रवारी गावातल्या भरतीच्या पोरांबरोबर पाच किलोमीटर मारतोस. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, गावागावांत पहाटे भरतीची पोरं रस्त्यावर असतात, आणि त्यांच्यात न जाता घरी झोपून राहणं लाजिरवाणं वाटतं, हे मी समजू शकतो. पण त्यांना सोळाशे मीटर मारायचे आहेत आणि बीम (पुल-अप) काढायचे आहेत. त्यांचं गणित दमाचं आहे, ते त्यांनी करावं. तुला दोनशे पळायचं आहे. ज्यांना दोन्ही करायचं आहे, भरतीही आणि शंभर-दोनशेही, त्यांनी भरतीच्या तारखेआधी तीन महिने सोळाशेला द्यावेत आणि तेवढे दिवस वेगाची वेळ सुधारेल ही आशा ठेवू नये.

आठवडा मांडायची जी पद्धत मी वापरतो ती मूळची कॅनडाचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांच्या नावाने ओळखली जाते. शंभर मीटर पळणाऱ्या बेन जॉन्सनचे हे गुरू. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या उत्तेजकांच्या प्रकरणाचा डाग त्यांच्या नावाला आहे आणि तो पुसायचं मला कारण नाही. पण आठवड्याची त्यांची मांडणी जगभरच्या प्रशिक्षकांनी उचलली, कारण ती शरीराला धरून आहे. जोराचं सगळं एका दिवशी घालायचं: स्टार्ट, फुल स्पीड, उड्या, वजन. मग किमान अठ्ठेचाळीस तास जोराचं काहीही नाही. मधल्या दिवशी पळायचं तर पाऊण वेगाच्या आतच. नव्वद टक्क्यांचं पळणं त्यांना नकोच होतं: वेग शिकवायला ते हळू आणि आराम द्यायला ते जोराचं.

तुझ्यासाठी सोमवार, गुरुवार आणि शनिवार जोराचे दिवस. सोमवारी स्टार्ट आणि पहिले तीस मीटर. गुरुवारी फुल स्पीड. शनिवारी दीडशेचे दोन किंवा तीन राऊंड, आणि त्या दिवशी वजन हलकं, अर्धा तास बस. मंगळवारी आणि शुक्रवारी मऊ मातीवर किंवा गवतावर शंभर मीटरचे आठ-दहा सैल राऊंड, इतके सैल की पळता पळता बोलता आलं पाहिजे. बुधवार आणि रविवार काही नाही. तालमीतल्या पोरांसारखा तू शनिवारचा मारुतीचा उपास धरत असशील, तर साबुदाण्यावर दीडशेचे राऊंड मारू नकोस. अशांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार धरावेत. मध्ये अठ्ठेचाळीस तास बरोबर मिळतात आणि उपासही मोडत नाही.

आता एक जोराचा दिवस जवळून बघ, गुरुवार घे. सव्वासहाला मैदानावर. जानेवारीत आपल्याकडची सकाळ गार असते, अंगात स्वेटर ठेवूनच वॉर्मअप कर, पंचवीस मिनिटं: हळू पळणं, गुडघे वर, टाच मागे, पाय झुलवणं, मग वाढत्या वेगाचे साठ मीटरचे तीन-चार राऊंड. घाम आल्याशिवाय स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालायचे नाहीत. मग तीस मीटरचे तीन स्टार्ट. मग फ्लाइंग: तीस मीटर हळूहळू वेग धरायचा आणि पुढचे तीस मीटर पूर्ण वेग, असे चार. सगळं मिळून जोराचं पळणं तीन-साडेतीनशे मीटरच्या आसपास येतं. ऐकायला हे थोडं वाटतं, पण जास्त नकोच.

विश्रांतीचा हिशोब दहा मीटरला एक मिनिट. साठ मीटर पळलास की सहा मिनिटं थांबायचं. पोरांना हे सगळ्यात अवघड जातं. धाप दोन मिनिटांत जाते आणि वाटतं चला, झालं. पण दोन-चार सेकंदांच्या जोराला जे इंधन लागतं ते स्नायूत पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि मेंदूला त्याहून थोडी जास्त. थांबलास की चालत राहा, पाणी पी, पण बसून मोबाइल बघू नकोस, पाय आखडतात. मित्राला घड्याळ दे आणि प्रत्येक राऊंडची वेळ वहीत लिहून घे. सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा फ्लाइंग तीसला दशांश सेकंदाने मागे पडलास की त्या दिवसाचं पळणं संपलं, राऊंड शिल्लक असले तरी.

मग घरी जा, पोटभर नाश्ता कर, कॉलेज कर. साडेचार-पाचला जिम. पहिलं पॉवर क्लीन, म्हणजे जमिनीवरचा बार एका झटक्यात खांद्यापर्यंत आणणं. तीनचे (तीन वेळा उचलायचे) चार सेट, बार झपकन वर आला पाहिजे. आला नाही तर वजन उतरव. क्लीन कुणी शिकवलं नसेल तर वजन न घेता उभ्या उड्या मार, चुकीचं क्लीन मनगट आणि कंबर दोन्ही खातं. मग स्क्वॉट, चारचे चार सेट, एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर. शेवटचा स्क्वॉट झाल्यावर अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. दात-ओठ खाऊन, दोघांनी बार धरून वर काढलेला स्क्वॉट बॉडीबिल्डिंग करणाऱ्याने करावा. तुला त्याची किंमत शनिवारी मोजावी लागते. मग रोमानियन डेडलिफ्ट (पाय जवळपास सरळ ठेवून कंबरेतून वाकत बार खाली नेऊन वर आणणं) सहाचे तीन सेट आणि शेवटी नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकत जायचं. चारचे दोन सेट पुरे. हॅमस्ट्रिंग वाचवायला याच्याइतका चांगला व्यायाम मला माहीत नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत मांडी जबरदस्त दुखते आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. म्हणून नॉर्डिक सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळीच, स्प्रिंटच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पहिल्या आठवड्यात तर फक्त सोमवारी. सगळं पाऊण तासात आटप.

ज्या दिवशी संध्याकाळी जिमला जाणं जमणार नाही, त्या दिवशी सकाळीच दोन्ही उरक. पळून झालं की दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे खा, पाणी पी, वीस-तीस मिनिटांनी वजन घे. स्क्वॉटचा एक सेट कमी कर. दोन-तीन तासांचं मधलं अंतर मात्र मला आवडत नाही. अंग गार होतं, आखडतं, आणि विश्रांतीही पुरती होत नाही.

वजन आधी करायची वेळ कधी येते? एक तर तुझा खेळच वजनाचा असेल तर. आपल्या शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण गेलं २४९ ला. जिथे एका किलोवर पदक ठरतं तिथे ताजं अंग बारसाठीच राखायचं, स्प्रिंट मारायचेच तर नंतर आणि थोडे. ज्यात स्पर्धा खेळायची ते आधी, इतकाच नियम. दुसरी वेळ पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर खानापूरकडे मैदान म्हणजे लाल चिखल, स्पाइकला किलोभर माती चिकटते. त्या महिन्यांत फुल स्पीडचा हट्ट सोड. वजन मुख्य धर, आणि पावसाने उघडीप दिली की चढावर वीस-तीस मीटरचे स्प्रिंट मार, राजहंसगडाच्या रस्त्यासारखा चढ असला तरी चालतो. चढावर पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही, त्यामुळे हॅमस्ट्रिंगवरचा ताण कमी राहतो. उतरताना मात्र चालत ये.

आता मोकळ्या दिवसाबद्दल. तू लिहिलंस, "रविवारी आराम असतो, फक्त शेतात जातो." हे "फक्त" मी मान्य करत नाही. भाताची लावणी म्हणजे गुडघाभर चिखलात, पाय सरळ, कंबरेत वाकून सहा-सात तास. त्या आसनात हॅमस्ट्रिंग आणि कंबर दिवसभर ताणलेली असतात. रोमानियन डेडलिफ्टच्या खालच्या टोकाला तू दिवसभर उभा आहेस असं समज. ऊसतोडीच्या दिवसांत मोळ्या खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवल्यास, तर तो पायाचा व्यायाम झाला, जिममधल्यापेक्षा मोठा. मी कुणाला शेतात जाऊ नको असं सांगत नाही. घरचं काम आहे, ते करायचंच. पण ते वहीत व्यायाम म्हणून लिही. लावणीच्या आठवड्यात डेडलिफ्ट आणि नॉर्डिक पूर्ण बंद, स्क्वॉट निम्मे, स्प्रिंट एकच दिवस. मोळ्या उचलल्या त्या दिवशी स्क्वॉट नाहीच. आणि जमेल तर वडिलांशी बोल: शेतातलं जड काम सोमवारी किंवा गुरुवारी दुपारी ठेवता आलं तर तेच वजन समजून चाल, रविवार मोकळा राहील. माझ्याकडच्या बऱ्याच पोरांच्या वडिलांनी हे ऐकलं आहे. नीट कारण सांगितलं की घरचे ऐकतात.

खाण्यात फार शोधाशोध नको. साठ किलोच्या अंगाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. चार अंडी म्हणजे चोवीस ग्रॅम, अर्धा लिटर दूध म्हणजे सोळा, बाकी मटकी-चवळीची उसळ, डाळ, शेंगदाणे, सोयाबीन आणि जमेल तेव्हा चिकन, मासे. भाकरी-भात कमी करू नकोस, स्प्रिंटचं इंधन तेच आहे. पावडरचा डबा घ्यायच्या आधी त्याच पैशांत महिनाभर अंडी येतात का बघ. झोप आठ तास. पहाटे साडेपाचला उठायचं तर साडेनऊला मोबाइल बाजूला ठेवावा लागतो.

स्पर्धा जवळ आली की शेवटचं जड स्क्वॉट दहा दिवस आधी. त्यानंतर वजन हलकं आणि झटक्याचं, शेवटचं तीन-चार दिवस आधी. त्या आठवड्यात नवा व्यायाम एकही नको.

राहिली तुझ्या मांडीची ओढ. वर लिहिलेलं सगळं ती गेल्यावर सुरू करायचं आहे. आधी दहा दिवस स्पाइक काढून ठेव. सैल राऊंड, चालणं आणि वरच्या अंगाचं वजन चालेल. पाठीवर झोपून उजवा पाय सरळ वर उचल आणि डाव्याशी तुलना कर. फरक असेल, किंवा बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर बेळगावात फिजिओथेरपिस्टला दाखव, मालिश करून घेऊ नकोस. दोन्ही पाय सारखे वाटू लागले की पहिल्या सोमवारी फक्त तीस मीटरचे चार राऊंड, पाऊण वेगाने, आणि संध्याकाळी निम्म्या वजनाचे स्क्वॉट. मंगळवारी सकाळी जिना उतरताना मांडी काय म्हणते ते वहीत लिही, आणि त्यावर गुरुवार ठरव.